नवी पिकअप डावीकडेच का ओढते?

बेळगावजवळच्या येळ्ळूरची काळी जमीन बेळगाव बासमती तांदळासाठी नावाजलेली. भाताच्या हंगामात हीच जमीन पिकअपचं स्टीअरिंग थरथरवते. ओल्या बांधावरून गाडी आली की चिकट चिखल रिमच्या आतल्या बाजूला जाऊन बसतो. रात्रीत तो वाळतो आणि सकाळी बाहेरून बघावं तर चाक स्वच्छ दिसतं. समजा, एका जागी दोनशे ग्रॅमचा थर उरला. रिम पंधरा इंची आणि वेग ताशी ८० किलोमीटर धरला, तर तेवढा थर सेकंदाला दहा वेळा, पंधरा किलोंच्या आसपासच्या जोराने चाकाला बाहेर खेचतो. स्टीअरिंग हातात कापायला लागतं. गाडी नवी, बॉनेटवरचं पूजेचं हळदकुंकू अजून पुसलेलं नाही, आणि मालकाचा जीव टांगणीला! अशा वेळी अलाइनमेंटच्या आधी पाण्याचा पाइप आणि खराटा घ्यावा, वाकून रिमच्या आत बघावं. चारही चाकांच्या.

चाळीसला गप्प, ऐंशीला थरथर

गावातल्या गल्लीत काहीच जाणवत नाही, बेळगाव ओलांडून हायवेला लागलं की सुरू होतं, ही तक्रार प्रत्येक मेस्त्रीने ऐकलेली असते. तिच्यात गूढ काही नाही. फिरत्या चाकावरचं जादा वजन वेगाच्या वर्गाने जोर धरतं. वेग दुप्पट, जोर चौपट. चाळीसला जे चार किलोंच्या आत होतं, ते ऐंशीला पंधरा होतं. म्हणून बॅलन्सिंगच्या दुकानात रिमवर ठोकतात किंवा चिकटवतात ते इवलेसे तुकडे फालतू समजू नयेत. तीस ग्रॅमचा एक तुकडा पडला, तर ऐंशीच्या वेगाला दोन-सव्वादोन किलोंचा ठोका सुरू होतो.

एक भेद मात्र पक्का लक्षात ठेवावा. स्टीअरिंग थरथरणं आणि गाडी एका बाजूला ओढणं ही दोन वेगळी दुखणी आहेत. पहिल्याचं औषध बहुधा बॅलन्सिंगमध्ये, दुसऱ्याचं बहुधा अलाइनमेंटमध्ये असतं. दोन्ही कामं एकाच दुकानात होतात, म्हणून ‘अलाइनमेंट करून टाका’ एवढं सांगून गिऱ्हाईक मोकळं होतं, आणि थरथर जशीच्या तशी घेऊन घरी येतं.

रस्ताच डावीकडे कललेला

डांबरी रस्ता सपाट दिसतो, पण तो मुद्दाम सपाट करत नाहीत. पाणी वाहून जावं म्हणून त्याला मध्यापासून कडेकडे उतार देतात. भारतीय रोड काँग्रेसच्या मानकांप्रमाणे डांबरी रस्त्याला हा उतार साधारण १.७ ते २.५ टक्के ठेवतात, आणि जास्त पावसाच्या भागात त्याचं प्रमाण वरच्या बाजूला झुकतं. साडेतीन मीटरच्या लेनमध्ये अडीच टक्के म्हणजे डावी कड उजवीपेक्षा जवळजवळ नऊ सेंटीमीटर खाली!

आपण डावीकडून गाडी चालवतो. म्हणजे येळ्ळूरहून बेळगावला जाताना गाडी डाव्या उतारावर, आणि परतीच्या वाटेवरही डाव्याच उतारावर. राष्ट्रीय महामार्ग ४८ वर निपाणीकडे जा किंवा उलट या, दुभाजकापासून बाहेरच्या कडेकडे पाणी काढलेलं असल्यामुळे कल बहुतेक ठिकाणी डावीकडेच. थोडीशी डावी ओढ हा गाडीचा दोष नव्हेच. शंका असेल तर सरळ, मोकळ्या, रिकाम्या रस्त्याच्या मध्यावर, जिथे दोन्ही उतार भेटतात तिथे, हात स्टीअरिंगवर हलके ठेवून थोडं अंतर चालवून बघावं. हात सोडायचे नाहीत, फक्त पकड सैल करायची. तिथेही डावीकडेच ओढत असेल, तर मग गाडीकडे वळावं.

तीन मिलिमीटरची किंमत

पुढची दोन चाकं वरून बघितली, तर त्यांचे पुढचे आणि मागचे काठ एकमेकांपासून किती दूर आहेत, त्या फरकाला टो म्हणतात. तो ठरलेल्या मापापेक्षा फक्त तीन मिलिमीटर चुकला तर काय होतं? सत्तर सेंटीमीटर व्यासाचं चाक धरून हिशेब केला, तर दर किलोमीटरमागे दोन चाकं मिळून सव्वाचार मीटर आडवी घासली जातात. बेळगाव ते पुणे साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. तेवढ्या एका खेपेत तुमच्या नव्या टायरांनी दीड किलोमीटर आडवा प्रवास केलेला असतो, आणि तोही डांबरावर अंग घासत.

‘टायर खाल्लं’ असं गॅरेजमध्ये म्हणतात ते हेच. तपासायला यंत्र लागत नाही. गाडी उभी करून, चाक थंड झाल्यावर, तळहात टायरच्या रुंदीवरून आडवा फिरवायचा. एकदा बाहेरून आत, एकदा आतून बाहेर. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने धारदार लागलं, तर टो चुकलाय. डोळ्याला दिसण्याच्या आधी ही धार हाताला कळते.

ओळंबा आणि दोरी

अलाइनमेंटचे कोन मुख्यतः तीन. टो वर आलाच. दुसरा कॅम्बर : समोरून बघताना चाक उभं आहे की वरच्या अंगाने आत-बाहेर कललंय. तिसरा कॅस्टर : चाक ज्या खिळीभोवती वळतं, ती खिळी बाजूने बघताना मागे किती झुकलीय. तिसऱ्याचं काम सर्वांत गोड. वळण संपल्यावर स्टीअरिंग आपोआप सरळ येतं, त्याचा मोठा वाटा कॅस्टरचा. हॉस्पिटलमधल्या ट्रॉलीचं छोटं चाक ढकलण्याच्या दिशेत आपोआप वळून मागे येतं, तसंच इथे घडतं.

आज दुकानात चाकांना चमकत्या पाट्या लावतात, समोरचे कॅमेरे त्या वाचतात आणि पडद्यावर हिरवे-लाल आकडे येतात. पण गवंड्याचा ओळंबा आणि ताणलेली दोरी यांनीही कॅम्बर आणि टो मोजता येतो, आणि जुने मेस्त्री मोजत आलेत. मोटारशर्यतीतले संघसुद्धा मैदानावर गाडीच्या दोन्ही बाजूंनी दोऱ्या ताणून टो बघतात. दोरी खोटं बोलत नाही, ती नीट ताणलेली मात्र हवी.

पडद्यावरच्या आकड्यांत एक सापळा आहे. एका अंशाची साठ मिनिटं असतात. काही यंत्रं अंश आणि मिनिटं दाखवतात, काही दशांश. ०°३०′ म्हणजे अर्धा अंश. ०.३० म्हणजे अर्ध्याहून कितीतरी कमी. कंपनीचं माप एका पद्धतीत आणि छापील कागद दुसऱ्या पद्धतीत असेल, तर बरोबर गाडी चूक ठरते आणि चूक गाडी बरोबर. कागद हातात आला की आधी हे बघावं.

जादा पाटा, भिरभिरतं स्टीअरिंग

आता या सगळ्यातली सर्वांत मोठी गोष्ट. बेळगावची भाजी रोज गोव्याला जाते. जांबोटी, कणकुंबी, मग चोर्ला घाट उतरून पलीकडे. कोबी, टोमॅटो, मिरचीची पोती हौद्यात शिगोशीग भरलेली पिकअप हे या रस्त्याचं नेहमीचं दृश्य. एवढं वजन वाहायचं म्हणून बरेच मालक गाडी घरी आल्या आल्या, पहिल्या खेपेच्याही आधी, मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांत एखादा जादा पाटा घालून घेतात. गाडी मागून उंच दिसते, दणकट वाटते. आणि मग तक्रार येते की रिकामी गाडी हायवेला एका रेषेत राहत नाही, सारखं स्टीअरिंग सावरावं लागतं. दोष स्टीअरिंग बॉक्सला दिला जातो.

खरं गणित मागच्या पाट्यात आहे. पुढच्या आणि मागच्या चाकांत तीन मीटर अंतर असेल आणि मागचं अंग पाच सेंटीमीटर उचललं गेलं, तर अख्खी चासी एका अंशाने पुढे झुकते. तिच्यासोबत पुढच्या चाकाची खिळीही पुढे झुकते, म्हणजे कॅस्टर एक अंशाने कमी. बऱ्याच गाड्यांत कॅस्टर मुळात असतो दोन-चार अंश. त्यातला एक गेला, की स्टीअरिंगचं आपोआप सरळ येणं लंगडं पडतं. पाटा मागे घातला आणि दुखणं पुढे निघालं!

माल भरल्यावर उलटं होतं. मागचं अंग तीन इंच बसलं की कॅस्टर दीड अंशाच्या आसपास वाढतो. त्याच वेळी पोती मागच्या एक्सलच्याही मागे रचलेली असतील, तर पुढच्या चाकांवरचा भार हलका होतो. येळ्ळूरजवळच्या राजहंसगडाचा चढ चढताना भरलेली गाडी पुढून हलकी लागते, त्यात या रचनेचा हात असतो. तेव्हा जड पोती मागच्या एक्सलच्या पुढे, केबिनकडे, आणि हलका माल मागे. एवढी साधी रचना कुठल्याही जादा पाट्यापेक्षा स्टीअरिंगला जास्त सुख देते. हे मी अगदी जोर देऊन सांगते, कारण भरल्या गाडीने चोर्ल्याची वळणं उतरणाऱ्या पोरांचा जीव त्या पुढच्या दोन चाकांच्या पकडीवर असतो.

आणखी एक गोष्ट याच पाट्यांची. नवे पाटे पहिल्या काही भरलेल्या खेपांत थोडे बसतात, त्यांना धरून ठेवणारे यू-बोल्ट थोडे सैलावतात. म्हणून नव्या गाडीचे यू-बोल्ट सुरुवातीच्या वापरानंतर ठरलेल्या जोराने पुन्हा आवळायचे असतात. ते राहून गेलं आणि पाट्यांच्या मधला सेंटर बोल्ट तुटला, तर मागचा एक्सल एका बाजूला सरकतो. मग मागून येणाऱ्याला दिसतं की पुढची पिकअप रस्त्यावर तिरकी चालली आहे. स्टीअरिंग वाकडं धरलं तरच गाडी सरळ जाते. अशा गाडीचा पुढचा टो कितीही वेळा लावला तरी उपयोग शून्य.

देवाच्या रथाला स्टीअरिंग नसतं

सीमाभागात आणि सबंध कर्नाटकात रथोत्सव बघितलेल्यांना हे ठाऊक असेल. टोलेजंग लाकडी रथ, चार थोर चाकं, ओढायला शेकडो हात, आणि वळवायला कुठलंच यंत्र नाही. चाकापाशी वाकून चालणारी माणसं नेमक्या क्षणी चाकाखाली लाकडी पाचर सरकवतात. एका बाजूचं चाक अडतं, दुसरं पुढे जातं, रथाचं तोंड फिरतं. तीच पाचर ब्रेकही होते. स्टीअरिंगच्या इतिहासातलं हे सर्वांत धाडसी काम, आणि ते करणाऱ्यांची नजर आणि पाय दोन्ही तरबेज लागतात.

पाचर मोटारीतही आहे! पुढेसुद्धा पाटे आणि अखंड एक्सल असलेल्या पिकअपमध्ये कॅस्टर बदलायला बोल्ट दिलेला नसतो. तिथे पाटा आणि एक्सल यांच्यामध्ये धातूची निमुळती पाचर घालून कोन दुरुस्त करतात. टो मात्र पुढची दोन्ही चाकं जोडणारा टायरॉड फिरवून लावता येतो. म्हणूनच अशा गाड्यांच्या अलाइनमेंटमध्ये बहुतेक वेळा फक्त टो लावला जातो, बाकीचे दोन कोन कागदावर नुसते छापून येतात. ते लाल दिसत असतील, तर का लाल आहेत हे विचारायला लाजू नये.

१८८८ : एक वर्ष, तीन चाकोऱ्या

बेळगावचा या विषयाशी संबंध भाजीपुरता नाही. किर्लोस्कर उद्योगसमूह आपली सुरुवात १८८८ पासून मोजतो, आणि ती सुरुवात बेळगावातल्या सायकलच्या दुकानाची. लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातल्याच गुर्लहोसूरचे, जन्म १८६९. पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत असताना ते सायकली पाठवायचे, आणि भाऊ रामूअण्णा बेळगावात त्या विकायचे. लोखंडी नांगर आणि किर्लोस्करवाडी हे सगळं त्यानंतरचं.

आणि त्याच १८८८ मध्ये बेलफास्टला जॉन बॉइड डनलॉप यांनी हवेच्या टायरचं पेटंट घेतलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जर्मनीत बर्था बेंझ नवऱ्याची मोटार घेऊन मुलांसह मानहाइमहून फोर्झहाइमला गेल्या, शंभर किलोमीटरहून लांबचा पहिला मोटारप्रवास. ती मोटार तीनचाकी होती. का? कार्ल बेंझ यांना पुढची दोन चाकं एकत्र नीट वळवण्याचा उपाय तोवर सापडलेला नव्हता! तो त्यांनी १८९३ मध्ये पेटंट केला आणि मग चौथं चाक आलं. जगातल्या पहिल्या मोटारीची अडचणही स्टीअरिंगचीच होती.

पेटंट पुस्तकविक्याच्या नावाने

दोन चाकं एकत्र वळवण्यात अडचण कसली? वळणावर आतल्या चाकाला लहान वर्तुळ फिरायचं असतं आणि बाहेरच्याला मोठं. दोघांना सारखंच वळवलं तर एक जण घसटणारच. तीन मीटर लांब आणि दीड मीटर रुंद चाकपट्टीची पिकअप सहा मीटर त्रिज्येत वळत असेल, तर आतलं चाक सुमारे तीस अंश वळायला हवं आणि बाहेरचं चोवीस. हा सहा अंशांचा फरक टायरॉड आणि त्याच्या दोन्ही टोकांच्या बाहूंच्या तिरकेपणात दडवलेला असतो. खडकावर आपटून टायरॉड वाकला, की सरळ रस्त्यावर गाडी ठीक वाटते आणि वळणावर टायर किंचाळतात, त्याचं कारण हेच.

ही युक्ती म्युनिकचे बग्गी बांधणारे गेओर्ग लांकेन्सपेर्गर यांची. इंग्लंडमधलं पेटंट १८१८ मध्ये त्यांचे प्रतिनिधी रुडॉल्फ आकरमान यांनी घेतलं. आकरमान लंडनमधले चित्रं आणि पुस्तकं प्रसिद्ध करणारे गृहस्थ. आज जगभरच्या अभियांत्रिकीच्या वर्गांत या रचनेला त्यांचंच नाव आहे. मला लांकेन्सपेर्गर यांच्याबद्दल खरंच हळहळ वाटते. त्याआधी चारचाकी बग्ग्यांचा पुढचा आख अख्खाच्या अख्खा वळायचा. मुंबईच्या रस्त्यांवर अलीकडेपर्यंत धावलेल्या व्हिक्टोरिया बग्ग्यांची घडण तशीच.

गोल स्टीअरिंगही उशिराचं. १८९४ च्या पॅरिस–रुआँ शर्यतीत आल्फ्रेद वाशरों यांनी आपल्या मोटारीला ते बसवलं. त्याआधी नावेच्या सुकाणूसारखा दांडा असायचा.

ट्रकवाल्याने हलकं केलेलं स्टीअरिंग

पॉवर स्टीअरिंग ही आलिशान मोटारींची देणगी वाटते. पण ते चालवून दाखवणारे फ्रान्सिस डेव्हिस अमेरिकेतल्या पिअर्स-अ‍ॅरो कंपनीच्या ट्रक विभागातले इंजिनिअर होते. जड ट्रक वळवणाऱ्यांचे हाल त्यांनी बघितले होते. १९२६ मध्ये त्यांनी तेलाच्या दाबावर चालणारं स्टीअरिंग दाखवलं. बाजारातल्या मोटारीत ते यायला १९५१ उजाडलं, क्रायस्लर इम्पीरियलमध्ये. विजेच्या मोटरचं पॉवर स्टीअरिंग आलं १९८८ मध्ये, जपानच्या सुझुकी सर्वो या चिमुकल्या गाडीत.

इकडे २००५ मध्ये टाटांनी एस आणली, आपला छोटा हत्ती. गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखालच्या चमूने ती घडवली. तिची वळण्याची त्रिज्या ४.३ मीटर. गावातल्या बोळात वळवून थेट दारात माल उतरवता आला तो या आकड्यामुळे.

टायरवरचे ठिपके

नव्या टायरवर कधी पिवळा, कधी लाल ठिपका असतो. पिवळा म्हणजे टायरची सर्वांत हलकी जागा. ती रिमवर हवेच्या नळीपाशी आणून बसवली की बॅलन्सिंगला कमी वजन लागतं. लंबगोल चौकटीत घडणीची तारीख सांगणारी चार आकडी संख्या असते. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. नव्या गाडीच्या पाचही टायरांवरचा हा आकडा ताबा घेतानाच बघावा, स्टेपनीचासुद्धा.

ओढ टायरचीही असू शकते. रेडियल टायर घडताना किंचित शंकूसारखा झाला, तर तो एकाच बाजूला लोळू बघतो. ओळखायची रीत सोपी आहे. आधी दोन्ही पुढच्या टायरांतली हवा सारखी करायची, मग ती दोन चाकं आपसांत बदलायची. ओढ उजवीकडे गेली, तर दोष टायरचा. डावीकडेच राहिली, तर अलाइनमेंटचा. फक्त ब्रेक दाबल्यावर ओढत असेल, तर या दोघांचाही नाही, एका बाजूचा ब्रेक कमी धरतोय.

दुकानात शिरण्याआधी

उद्यमबागच्या फाउंड्रीपट्ट्यात वाहनांचे सुटे भाग ओतले जातात, त्यामुळे बेळगावात लोखंडाची भाषा कळणाऱ्या जाणत्या हातांना तोटा नाही. त्यांच्याकडे ‘गाडी ओढायलीय’ एवढंच सांगू नका. किती वेगाला, रिकामी की भरलेली, ब्रेकवर की ब्रेकविना, पाटा वाढवलाय का, कुठे खड्ड्यात आपटली का, एवढं सांगा. अलाइनमेंटचं माप बहुधा रिकाम्या गाडीचं दिलेलं असतं, तेव्हा हौदा रिकामा करून न्या, हवा आधी भरून घ्या. टायरॉडचे बॉल जॉइंट आणि हबचं बेअरिंग हलवून बघितल्याशिवाय कोणी टो फिरवायला घेतला, तर त्याला थांबवा. सैल सांध्यावर लावलेलं माप पहिल्याच खड्ड्यात बदलतं.

टो लावताना स्टीअरिंग मधोमध बांधून ठेवायचं असतं. ते राहिलं तर गाडी नाकासमोर चालते आणि स्टीअरिंगची दांडी मात्र तिरकी दिसते. हे दुकानाबाहेर पडतानाच कळतं, तिथूनच परत वळा. आधीचा आणि नंतरचा, दोन्ही कागद मागून घ्या आणि गाडीच्या कागदपत्रांत ठेवा. टायरची तक्रार बहुतेक वेळा गाडीची कंपनी नव्हे, टायरची कंपनी बघते, आणि टायर एका बाजूने खाल्लेलं असलं की तिचा पहिला प्रश्न अलाइनमेंटचा असतो.